संविधान तक्ता आधी, प्रश्नपत्रिका नंतर

बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आधी आखायचा आराखडा, काढलेला असतो. वरच्या ओळीत उद्दिष्टे असतात: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. डाव्या बाजूला घटक, आणि प्रत्येक चौकटीत प्रश्नांची संख्या व गुण. घटक चाचणी २५ गुणांची असेल तर आधी उद्दिष्टांना भारांश, म्हणजे गुणांचा वाटा, द्यायचा, मग घटकांना, मग प्रश्नप्रकारांना. तिन्ही बेरजा जुळल्या की प्रश्न लिहायला बसायचे. प्रत्यक्षात हा क्रम उलटा होतो. आधी जुन्या प्रश्नपत्रिकांतून आणि स्वाध्यायांतून प्रश्न जमवले जातात आणि शेवटच्या संध्याकाळी ते तक्त्याच्या चौकटींत कसेबसे बसवले जातात. नोकरी लागल्यावर तर तक्ताच मागे पडतो आणि ‘धड्याला इतके गुण’ एवढा एकच हिशेब उरतो.

पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा हवी की नको, ढकलपास बरे की वाईट, दहावीचे शाळेने द्यायचे अंतर्गत २० गुण ठेवावेत की काढावेत, हे वाद महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा पेटतात. शिक्षण हक्क कायद्यातली पाचवी-आठवीला नापास करण्याची मुभा देणारी २०१९ची दुरुस्ती आणि त्यानंतर २०२३-२४पासून राज्यात पाचवी व आठवीला पुन्हा आलेली वार्षिक परीक्षा, या दोन्ही वेळी चर्चा झाली ती नापास करण्याबद्दल. मुलाने अमुक प्रश्न सोडवला म्हणजे त्याला नेमके काय येते असे आपण म्हणणार, हा प्रश्न बाजूलाच राहिला. माझे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर लिहून काढल्याशिवाय कोणत्याही शाळेने आणि कोणत्याही मंडळाने प्रश्नपत्रिका काढू नये. आणि ज्या उद्दिष्टाचा पुरावा गोळा करण्याची आपली तयारी नाही, ते उद्दिष्ट यादीतून सरळ काढून टाकावे. पाळायची नाही अशी यादी छापण्यापेक्षा लहान यादी प्रामाणिक असते.

हा विचार नवा नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ साली आले आणि त्याच दशकाच्या अखेरीस ब्लूम यांनी भारतात येऊन परीक्षा-सुधारणेच्या कार्यशाळा घेतल्या. आपला संविधान तक्ता त्याच परंपरेतला आहे. पुढे १९९६मध्ये शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी उच्च शिक्षणाच्या संदर्भात हेच अधिक नेमके करून मांडले: उद्दिष्टात जे क्रियापद आहे, तेच अध्यापनाच्या कृतीत आणि तेच मूल्यमापनात असले पाहिजे. म्हणजे साधने सत्तर वर्षांपासून आपल्या हाताशी आहेत. बिघाड आहे तो वापरण्याच्या क्रमात.

क्रियापदापासूनच सुरुवात करू. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यावे याची विधाने, वाचताना नामांवर नजर जाते: अपूर्णांक, पेशी, संतवाणी. पण कसोटी ठरते ती क्रियापदाने. ‘ओळखतो’ यासाठी पर्यायी प्रश्न पुरतो. ‘तुलना करतो’ यासाठी दोन गोष्टी समोर ठेवाव्या लागतात आणि निकष मुलाला निवडू द्यावा लागतो. निकष आपणच देऊन तक्ता भरून घेतला तर ती माहितीची आठवण होते. ‘करून दाखवतो’ यासाठी करून घेण्यावाचून दुसरा मार्गच नाही. मुलांना वाचता येते का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणातले वाचनाचे साधन पाहा. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. कार्यकर्ता एका मुलासमोर बसतो आणि मूल मोठ्याने वाचते. उद्दिष्ट ‘वाचतो’ आणि पुरावाही वाचण्याचाच. म्हणून त्या निकालाशी कोणाचे मतभेद असले तरी तो कशाबद्दल आहे याविषयी शंका राहत नाही. याउलट ‘प्रकट वाचन करतो’ या निष्पत्तीपुढे लेखी चाचणीतले गुण मांडले जातात, तेव्हा त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

क्रियापद जुळले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते, आणि ती कोणी जाणूनबुजून करत नाही. प्रश्नाची पातळी प्रश्नाच्या शब्दांत नसते. मुलाने परीक्षेआधी काय पाहिले आहे, यावर ती ठरते. ‘सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न तक्त्यात उपयोजनाच्या चौकटीत बसतो. पण त्याचे उत्तर ऑगस्टमध्ये फळ्यावर उतरवून दिले असेल आणि मार्चमध्ये तोच प्रश्न आला, तर तो ज्ञानाचा प्रश्न झाला, तोही पाठांतराचा. दहावीच्या मराठीत ‘स्वमत’ मागणाऱ्या कृतींचे हेच होते. पठित उताऱ्यावर संभाव्य स्वमत किती असणार? अपेक्षित प्रश्नसंचात ती सगळी तयार मिळतात. पंधरा-सोळा वर्षांच्या हजारो मुलांचे एका कवितेबद्दलचे स्वतःचे मत शब्दाशब्दाने सारखे येते आणि परीक्षकाला त्याला पूर्ण गुण द्यावे लागतात, कारण आदर्श उत्तरही तसेच असते.

उलट उदाहरणही दहावीच्या मराठीच्या त्याच कृतिपत्रिकेत, म्हणजे कृतींवर आधारलेल्या प्रश्नपत्रिकेत, आहे. सारांशलेखन अपठित उताऱ्यावर असते. न वाचलेला उतारा एक तृतीयांशावर आणायचा, त्यातला मुख्य मुद्दा राखायचा, उदाहरणे गाळायची. हे पाठ करून येत नाही. कृतिपत्रिका आल्यापासून भाषेच्या परीक्षेत झालेला हा खरा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. तिथे जुळणी कशामुळे झाली हेही लक्षात घ्यावे. प्रश्न अवघड करावा लागला नाही. मजकूर नवा देणे पुरेसे ठरले.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या लावाव्यात. पहिली: ज्याला हे उद्दिष्ट साध्य झालेले नाही तो मुलगा केवळ स्मरणावर हे उत्तर लिहू शकेल का? लिहू शकत असेल तर प्रश्न खोटा पुरावा देतो. दुसरी तिच्या उलट: ज्याला हे येते तो दुसऱ्याच कारणाने अडेल का? ही दुसरी कसोटी आपल्याकडे फारच कमी लावली जाते. तिसरीच्या गणितात उद्दिष्ट असते ‘दोन अंकी संख्येला एक अंकी संख्येने गुणतो’. प्रश्न येतो चार ओळींचा, त्यात जत्रा, पेढ्यांचे खोके, मामा आणि उरलेले पैसे. मेळघाटातले कोरकू बोलणारे किंवा धडगावातले भिली बोलणारे मूल गुणाकारात पक्के असूनही तिथे शून्य मिळवते, कारण मोजले जाते ते प्रमाण मराठीचे वाचन. यावर उपाय साधा आहे. शिक्षकाने उदाहरण मोठ्याने वाचून दाखवावे, गरज पडल्यास मुलाच्या भाषेत सांगावे, किंवा उद्दिष्टच ‘शाब्दिक उदाहरण वाचून सोडवतो’ असे लिहावे आणि वाचन व गुणाकार यांचे गुण वेगळे द्यावेत. दोन्हींचा गोळा करून एकच आकडा दिला, तर पुढच्या सोमवारी त्या मुलाला काय शिकवायचे हे शिक्षकाला कळत नाही.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे काय झाले, हेही याच नजरेने पाहावे लागेल. २०१०च्या त्या योजनेचा आराखडा चांगला होता. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि स्वयंमूल्यमापनासारखी इतर साधने अशी आठ तंत्रे दिली होती. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरचे, ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६० अशी वयानुसार उतरती रचनाही समंजस होती. तरी ती कागदावरच का राहिली? कारण साधन निवडायचे स्वातंत्र्य होते, पण कोणत्या उद्दिष्टासाठी कोणते साधन हे जुळवण्याचे काम कोणी शिकवले नाही. त्यात वर्णनात्मक नोंदींची भर पडली. चौथीच्या वर्गात ४० मुले, ६ विषय आणि २ सत्रे धरली तर ४८० नोंदी होतात. त्यामागे निरीक्षणाची एकही ओळ नसेल तर त्या कुठून येणार? मग ‘लक्षपूर्वक ऐकतो’, ‘मुद्देसूद बोलतो’, ‘आदराने बोलतो’ अशा तयार वाक्यांच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या आणि हजेरीक्रमाने वाटल्या गेल्या. शिक्षकांना यात दोष देणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. पुराव्याची सोय न करता निष्कर्ष मागितला की निष्कर्ष तयार मालाच्या दुकानातूनच येतो.

यापेक्षा सत्रात प्रत्येक विषयाच्या फक्त तीन निष्पत्ती निवडाव्यात, प्रत्येकीसाठी एकच साधन ठरवावे आणि नोंद ठेवावी ती ‘येते, अर्धे येते, येत नाही’ अशी खुणेने. ४० मुलांच्या नावांसमोर तीन रकाने म्हणजे एका विषयाला १२० खुणा. ज्याच्यासमोर ‘येत नाही’ आहे त्याच्यासाठीच एक वाक्य लिहावे, आणि ते असे असावे की दुसरा शिक्षक ते वाचून काम सुरू करू शकेल. ‘हातच्याची वजाबाकी करताना मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, वरचा-खालचा पाहत नाही’ हे असे वाक्य आहे. ‘गणितात प्रगती आवश्यक’ हे नाही.

आता दहावीकडे येऊ, कारण खालच्या सगळ्या इयत्ता शेवटी तिच्याकडे पाहून चालतात. २०१८-१९मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले. त्याच वर्षी अभ्यासक्रम आणि आराखडाही नवा होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरडा झाला आणि २०१९-२०पासून २० गुण परत आले. मार्च २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला, अर्थात त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण द्यावे लागले होते. या दोन वर्षांत अंतर्गत गुण ही खिरापत आहे की मुलांचा हक्क आहे, यावर भरपूर बोलले गेले. तोंडी परीक्षेत मुलाला बोलता येते का हे तपासले जाते की नाही, यावर मात्र जवळजवळ काही नाही.

अंतर्गत गुण काढणे ही चूक होती असे माझे ठाम मत आहे, आणि ते निकाल घसरला म्हणून नाही. भाषेच्या पुस्तकांत श्रवण आणि भाषण-संभाषण या क्षमता वाचन-लेखनाच्या बरोबरीने मांडलेल्या असतात. लेखी पेपरात त्यांना जागाच नाही. ते २० गुण गेले की या दोन क्षमता वर्गातूनही जातात, कारण जे परीक्षेत नाही ते दहावीच्या वर्षी कोणी शिकवत नाही. पण परत आणताना जे आणले तेही पोकळ राहिले. शाळेने स्वतःच्या मुलांना स्वतः गुण द्यायचे, निकष सैल, बाहेरून तपासणी नाममात्र, आणि लेखी व अंतर्गत मिळून शंभरात ३५ला उत्तीर्ण. ज्याला अंतर्गत २० पैकी २० मिळाले त्याला ८० पैकी १५ पुरतात. अशा रचनेत कोणता मुख्याध्यापक २०च्या खाली गुण देईल?

तोंडी परीक्षा खरी करायला किती वेळ लागतो याचा हिशेब मांडून पाहावा. एका मुलाला तीन मिनिटे. ६० मुलांचा वर्ग म्हणजे १८० मिनिटे. रोज तासिकेच्या पहिल्या १२ मिनिटांत ४ मुले घेतली तर १५ दिवसांत वर्ग संपतो आणि बाकीची तासिका शिकवायला मोकळी राहते. विषय दहा मिनिटे आधी द्यावा आणि तो पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा: गावातल्या आठवडी बाजाराची जागा बदलावी का, शाळेच्या सहलीला कुठे जावे, वर्गात मोबाइल हवा का. गुण पाचच ठेवावेत. मत स्पष्ट मांडले तर १, त्याला कारण दिले तर १, उदाहरण दिले तर १, आणि शिक्षकाने विचारलेल्या उपप्रश्नाला त्याच प्रश्नाचे उत्तर दिले तर २. या शेवटच्या दोन गुणांवरच सगळे अवलंबून आहे. पाठ केलेले भाषण उपप्रश्नापाशी कोसळते. मूल खरेच ऐकून विचार करून बोलत असेल तर ते तिथे अडखळेल, थांबेल, पण उत्तर देईल. उच्चार आणि बोलीचे गुण कापू नयेत. उद्दिष्ट मुद्दा मांडण्याचे आहे, आणि तो वऱ्हाडीत किंवा मालवणीत मांडला तरी मांडलाच.

श्रवणासाठी दीडशे शब्दांचा मजकूर दोनदा वाचून दाखवावा. हवामानखात्याचा इशारा, एसटी स्थानकावरची उद्घोषणा, रेशन दुकानाची सूचना, असे काहीही चालते. मग चार प्रश्न विचारावेत. त्यांतला एक तरी असा असावा की ज्याचे उत्तर मजकुरात सरळ नाही, ऐकलेल्या दोन गोष्टी जोडून काढावे लागते. मजकूर मुलांच्या हातात द्यायचा नाही. तो दिला की श्रवण संपून वाचन सुरू होते, आणि ही चूक फार शाळांत होते.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे दुखणे थोडे वेगळे आहे. ‘बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढतो’ हे उद्दिष्ट आहे. प्रयोगवहीत सगळ्यांची निरीक्षणे सारखी, उत्तर नेमके १० सेंटिमीटर, कारण शाळेत एकाच प्रकारची भिंगे आहेत आणि आकडे गेल्या वर्षीच्या वहीत आहेत. इथे प्रश्न बदलायची गरज नाही, सामान बदलायची आहे. १०, १५ आणि २० सेंटिमीटरची भिंगे मिसळून ठेवावीत, त्यांवर फक्त क्रमांक चिकटवावेत आणि क्रमांकांची यादी शिक्षकाकडे असावी. वस्तू भिंगापासून ३० सेंटिमीटरवर ठेवली तर पडद्यावरची स्पष्ट प्रतिमा अनुक्रमे १५, ३० आणि ६० सेंटिमीटरवर मिळते. सगळे एका मीटरच्या पट्टीवर मावते. शेजाऱ्याची वही पाहून उत्तर मिळत नाही. मेणबत्तीची ज्योत वाऱ्याने हलते आणि मुले धूसर प्रतिमेलाच स्पष्ट म्हणतात, म्हणून ज्योतीऐवजी जाळी लावलेल्या पुठ्ठ्यामागे छोटा दिवा ठेवावा. जाळीच्या रेषा ठळक दिसल्या की जागा ठरली. दहा गुणांत मांडणीला २, तीन निरीक्षणांना ३, उत्तर १ सेंटिमीटरच्या फरकात आले तर २, आणि तोंडी प्रश्नाला ३. तोंडी प्रश्न असा: पडदा ५ सेंटिमीटर मागे नेला तर काय दिसेल, आणि प्रतिमा पुन्हा स्पष्ट करायला वस्तू कुठे सरकवशील? ज्याने भिंग हाताळले आहे तो वस्तू भिंगाजवळ आणतो. ज्याने फक्त वही उतरवली आहे तो सूत्र म्हणू लागतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला पक्षपाताचा: शिक्षक आपल्या मुलांना झुकते माप देणार. देतील, आणि निकष छापून ते थांबणार नाही. त्यासाठी नमुना तपासणी लागते. तोंडी परीक्षेचे ध्वनिमुद्रण साध्या मोबाइलवर होते. प्रत्येक शाळेतून यादृच्छिक पाच मुलांची मुद्रणे विभागीय मंडळाने मागवावीत आणि दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने तेच निकष लावून गुण द्यावेत. पाच गुणांत एकापेक्षा जास्त गुणांचा फरक वारंवार पडला तर त्या शाळेच्या सगळ्या तोंडी गुणांची फेरतपासणी व्हावी. राज्यात नऊ विभागीय मंडळे आहेत. लेखी उत्तरपत्रिकांसाठी नियामकांची, म्हणजे परीक्षकांचे गुण पुन्हा तपासणाऱ्यांची, व्यवस्था त्यांच्याकडे आधीपासून आहे. ती अंतर्गत गुणांना लावली नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. न पाहिलेला मजकूर, नवी उदाहरणे आणि उपप्रश्न आले की ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांचा फायदा होईल आणि पाठांतरावर तरून जाणारे गरीब मूल बुडेल, असे म्हटले जाते. हे तेव्हाच खरे ठरेल, जेव्हा परीक्षा बदलेल आणि वर्ग तसाच राहील. म्हणून क्रम महत्त्वाचा. जूनमध्येच शाळेने आपल्या प्रत्येक विषयाच्या अपेक्षित पुराव्यांचे नमुने मुलांसमोर ठेवावेत: असा उतारा येईल, असा उपप्रश्न विचारला जाईल, असे गुण मिळतील. मजकूर लपवायचा, पण प्रकार नाही. मग शिक्षक वर्षभर त्याच प्रकारचे काम करून घेतो, आणि ज्याच्या घरी कोणी सांगणारे नाही त्याला वर्गात सराव मिळतो. तयार उत्तरे पाठ करून मिळवलेले गुण त्या मुलाला अकरावीच्या पहिल्या सहामाहीपर्यंतही पोहोचवत नाहीत.

मंडळाकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. परीक्षेनंतर प्रश्नपत्रिकेबरोबर तिचा उद्दिष्टनिहाय तक्ताही प्रसिद्ध करावा, म्हणजे ‘उपयोजन’ म्हणून मोजलेला प्रश्न गेल्या पाच वर्षांत कितीदा जसाच्या तसा आला हे कोणालाही तपासता येईल. गुणपत्रिकेवर लेखी आणि अंतर्गत गुण बेरीज न करता वेगवेगळ्या रकान्यांत छापावेत. आणि पहिली दोन वर्षे अंतर्गत गुण उत्तीर्णतेत आणि अकरावीच्या प्रवेशाच्या टक्केवारीत धरू नयेत, फक्त छापावेत. मग उत्तीर्णतेसाठी फक्त लेखीचे ३५ टक्के, म्हणजे ८० पैकी २८ लागतील. ही अट त्या दोन वर्षांपुरती थोडी खाली आणावी लागेल, ती खुशाल आणावी. प्रवेशाचा दाब उतरला की शिक्षक २० पैकी ९ देऊ शकेल, नमुना तपासणीतले फरक लाज न बाळगता समोर येतील, आणि कोणत्या तालुक्यात मुलांना बोलण्याचा सराव मिळत नाही, कोणत्या शाळेत भिंगे पेटीतून बाहेरच निघत नाहीत, याची पहिली खरी यादी शिक्षण विभागाच्या हातात येईल.